संसाराचा पुरावा

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेल्या जोडप्यांना एका मुलाखतीची धास्ती असते. वकील तिला 'स्टोक्स मुलाखत' म्हणतात. पहिल्या भेटीत अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, की नवरा-बायकोला पुन्हा बोलावलं जातं. दोघांना वेगळं बसवतात आणि तेच प्रश्न दोघांना विचारतात. काल रात्री जेवायला काय होतं? पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं? घरातला केर कोण काढतं? सासूबाई शेवटच्या कधी राहून गेल्या? मग दोघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडतात आणि जिथे मेळ बसत नाही तिथे बोट ठेवतात.

बोट ठेवलं गेलं की पुढे काय काय होऊ शकतं याची यादी मोठी आहे. अर्ज फेटाळला जातो, देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. इमिग्रेशनचा कायदा चुकवण्यासाठी जाणूनबुजून लग्न केल्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. यापेक्षाही कठोर तरतूद इमिग्रेशन कायद्याच्या कलम २०४(क) मध्ये आहे. लग्न बनावट होतं असा शेरा एकदा इमिग्रेशन खात्याने मारला, तर त्या माणसासाठी पुढे कुणाही नातलगाने किंवा मालकाने केलेला अर्ज मंजूर होत नाही. पुढचं लग्न कितीही खरं असो, त्यातून मुलं झालेली असोत, तरीही नाही. यासाठी फौजदारी खटला चालावा लागत नाही. खात्याचा निष्कर्ष पुरतो.

दुसऱ्याच्या संसारात इतकं खोल डोकावण्याचा आणि त्यावर असा कायमचा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारकडे आला कसा? दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिला की दोन गोष्टी दिसतात. एक, ही पद्धत मुळात खोटी लग्नं शोधण्यासाठी जन्मलीच नव्हती. नको असलेल्या माणसांच्या बायकांना दाराबाहेर ठेवण्यासाठी ती तयार झाली. दुसरी, तिच्यात आज जो काही न्याय आहे, तो संशय झेललेल्या जोडप्यांनी भांडून मिळवलेला आहे.

हाँगकाँगच्या धक्क्यावर

३ मार्च १८७५ रोजी अमेरिकेत पेज कायदा झाला. कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य होरेस पेज यांच्या नावाने तो ओळखला जातो. चीन, जपान आणि इतर पौर्वात्य देशांतून वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया आणण्यावर त्याने बंदी घातली. कागदावर हेतू संरक्षणाचा होता. व्यवहारात प्रत्येक चिनी स्त्री संशयित ठरली. हाँगकाँगमध्ये जहाजावर चढण्याआधी तिला अमेरिकन वकिलातीत चारित्र्याबद्दलच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागे. लग्न झालं आहे का, कशासाठी चालली आहेस, कुणाशी करार केला आहेस का, असे ते प्रश्न होते. तिचं छायाचित्र पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदर अधिकाऱ्याकडे जाई आणि तिथे उतरताना पुन्हा चौकशी होई. आपण कुणाची तरी लग्नाची बायको आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर होतं. आजच्या फाइलीतले फोटो, परदेशातल्या वकिलातीतली मुलाखत, विमानतळावरची फेरतपासणी या सगळ्याचा सांगाडा तिथे दिसतो.

१८८२ मध्ये चिनी मजुरांनाच बंदी झाली आणि बायकोचं नशीब नवऱ्याच्या वर्गाला बांधलं गेलं. मजुराची बायको ही मजूरच, म्हणून तिला प्रवेश नाही, असं १८८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ठरवलं. व्यापाऱ्याच्या बायकोला प्रमाणपत्राशिवाय येता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९०० मध्ये सांगितलं. त्यामुळे अधिकाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. नवरा खरोखर व्यापारी आहे का, आणि ही खरोखर त्याची बायको आहे का?

या प्रश्नांची उत्तरं काढण्याची पद्धत एंजल बेटावर घडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातलं हे ठाणं १९१० ते १९४० चाललं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळून गेल्या होत्या. त्याचा फायदा घेऊन अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि कागदोपत्री मुलगे आणले. कागद विश्वासाचे राहिले नाहीत, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्मरणशक्तीची परीक्षा सुरू केली. गावात घरांच्या रांगा किती, तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, तांदूळ कुठे ठेवता, शेजाऱ्याला मुलं किती, असे शेकडो प्रश्न असत. नवऱ्याला वेगळं विचारत, बायकोला वेगळं, साक्षीदारांना आणखी वेगळं. मग उत्तरांचा ताळा करत. चौकशी दिवसेंदिवस चाले आणि माणसं आठवडे, कधी महिने तिथे अडकून पडत.

या परीक्षेचं वैगुण्य तेव्हाच उघड झालं होतं. खोट्या नात्यावर येणारे लोक उत्तरांच्या वह्या पाठ करून येत आणि किनारा दिसायच्या आत त्या समुद्रात फेकून देत. खऱ्या नात्याने आलेली माणसं मात्र पायऱ्या मोजायच्या असतात हे कधी मनातही न आणता यायची आणि अडखळायची. वीस वर्षं ज्या घरात राहिलो त्याच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? जो तयारी करून येतो तो उत्तीर्ण होतो आणि जो नुसता जगून येतो तो फसतो. स्टोक्स मुलाखतीतही हा दोष कायम आहे.

नवऱ्यामागून नागरिकत्व

या सगळ्या काळात गोऱ्या युरोपीय स्त्रीला वेगळा नियम होता. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाशी लग्न करताच ती आपोआप नागरिक होई. उलट बाजूने, परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व १९०७ च्या कायद्याने काढून घेतलं. बायकोचं स्वतंत्र अस्तित्व कायद्याला मान्यच नव्हतं. १९१७ मध्ये त्यात एक अपवाद घातला गेला. 'अनैतिक' ठरवलेल्या परदेशी स्त्रीने अटकेनंतर नागरिकाशी लग्न केलं तर तिला नागरिकत्व मिळणार नाही. लग्न कायदेशीर असलं तरी त्याचा फायदा नाकारता येतो, ही कल्पना इथे कायद्याच्या भाषेत उतरली.

जपानी आणि कोरियन 'फोटोवरच्या नवऱ्या' याच काळातल्या. हवाईत आणि कॅलिफोर्नियात राबणारा तरुण गावी छायाचित्र पाठवी, घरचे लोक स्थळ जुळवत, वराच्या गैरहजेरीत लग्न लागे आणि वधू जहाजाने येई. अमेरिकन अधिकारी ही लग्नं मानायला तयार नसत, म्हणून अनेक वर्षं या जोडप्यांची धक्क्यावर पुन्हा लग्नं लावली गेली. थोरांनी जुळवलेलं, आधी फारशी ओळख नसलेलं लग्न हे लग्नच नव्हे, असा समज सरकारी दप्तरात इथे शिरला. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून जुळलेल्या लग्नांनाही पुढे त्या समजाची झळ बसली.

हिंदुस्थानी माणसांना या कायद्यांचा फटका वेगळ्या वाटेने बसला. १९२२ च्या केबल कायद्याने स्त्रीचं नागरिकत्व बऱ्याच अंशी स्वतंत्र केलं. पण नागरिकत्वाला 'अपात्र' वंशाच्या परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचं नागरिकत्व जाणारच होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणसं या अपात्रांत बसवली. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते लॉस एंजलिसचे सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते आणि त्यांची पत्नी अमेरिकेत जन्मलेली गोरी स्त्री होती. निकालानंतर सरकारने त्यांचंच नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली उभी केली, घर घेतलं, लग्न केलं, आणि ते गेलं तर पत्नीही देशहीन होईल, असं पंडितांनी मांडलं. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. लग्नामुळे नागरिकत्वावर येणारं संकट एका हिंदुस्थानी वकिलाने न्यायालयात परतवलं, ही गोष्ट अमेरिकेतल्या आपल्या लोकांना ठाऊक असायला हवी.

हेतूचा प्रश्न

१९२४ च्या कायद्याने देशवार कोटे पक्के केले आणि अमेरिकन नागरिकाच्या बायकोला मात्र कोट्याबाहेर ठेवलं. ज्यांच्या देशाच्या वाट्याला मूठभर जागा होत्या, त्यांच्यासाठी लग्न हेच मोठं दार उरलं. दाराला किंमत आली तशी खोटी लग्नंही आली. मे १९३७ मध्ये काँग्रेसने केलेल्या कायद्याला लोक 'जिगोलो कायदा' म्हणत. प्रवेशासाठी केलेलं लग्न न्यायालयाने मुळापासून रद्द ठरवलं, तर त्या परदेशी माणसाला हाकलता येऊ लागलं. लग्नातली फसवणूक हे स्वतंत्र कारण म्हणून कायद्यात आलं ते इथे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, २८ डिसेंबर १९४५ रोजी 'वॉर ब्राइड्स' कायदा झाला. सैन्यातल्या लोकांच्या परदेशी जोडीदारांना कोट्याशिवाय येता आलं आणि लाखाहून अधिक माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, त्या वाटेने आली. आजही अधिकारी ज्या कसोटीवर लग्न घासतात, ती याच कायद्याच्या एका खटल्यातून निघाली.

शिकागोतल्या एका कुटुंबाचे तीन नातलग युद्धानंतर पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून अडकले होते. दोन भाऊ, आणि त्यांतल्या एकाची घटस्फोटित पत्नी. त्यांना आणण्यासाठी शिकागोहून सैन्यात काम केलेली तीन माणसं पॅरिसला गेली, तीन लग्नं झाली आणि अमेरिकेत पोहोचल्यावर जोडपी वेगळी झाली. कटाचा खटला उभा राहिला. 'लुटवाक विरुद्ध अमेरिका' या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. फ्रेंच कायद्याने ही लग्नं वैध होती की नाही, हे पाहण्याची गरजच नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. नवरा-बायको म्हणून एकत्र राहण्याचा हेतू नव्हता आणि तो सरकारपासून लपवला, एवढं पुरेसं होतं. नवरा-बायकोने एकमेकांविरुद्ध साक्ष न देण्याचं संरक्षणही या जोडप्यांना मिळालं नाही. लग्न खोटं आहे की नाही हा खटल्याचाच प्रश्न असताना, ते खोटं धरून संरक्षण काढून घेतलं गेलं.

न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी विरोधी मत लिहिलं. लग्न अवैध असल्याचं सिद्ध न करता ते फसवं कसं म्हणता, सोयीसाठी केलेली लग्नं जगात काही थोडी नसतात, असा त्यांचा रोख होता. आपल्या समाजाला हे वेगळं सांगायला नको. पत्रिका, पगार, शेती, घराणं, शहरातलं घर हे सगळं पाहून लग्नं जुळवणारी आपण माणसं आहोत. 'परदेशातलं स्थळ' याचं आकर्षण वधूवरसूचक मंडळांच्या वह्यांत उघड लिहिलेलं असतं. पुढच्या काळात अमेरिकन न्यायालयांनीही एक फरक मान्य केला. ग्रीन कार्ड मिळेल ही इच्छा मनात असणं म्हणजे फसवणूक नव्हे. संसार करायचाच नव्हता, लग्न निव्वळ कागदासाठी होतं, तर ती फसवणूक. आरोप झालेल्या कित्येक जोडप्यांना हा फरक माहीत नसतो. मग ते साधी गोष्टही घाबरून लपवतात, आणि ती लपवाछपवीच पुढे पुरावा बनून समोर येते.

१९६१ च्या दुरुस्तीने कायमच्या बंदीचं कलम आणलं, तेच आज २०४(क) म्हणून ओळखलं जातं. लग्नातल्या फसवणुकीची शिक्षा आता आयुष्यभराची झाली.

भांडलेली जोडपी

१९७० च्या दशकात अधिकारी अर्जदारांच्या घरी जाऊ लागले, शेजाऱ्यांना विचारू लागले, आणि नवरा-बायको वेगळे राहत असतील तर त्यावरूनच लग्न खोटं ठरवू लागले. कोरियातून आलेल्या बार्क नावाच्या विद्यार्थ्याचं प्रकरण १९७५ मध्ये नवव्या मंडळाच्या (नाइन्थ सर्किट) संघीय अपील न्यायालयात गेलं. त्याची आणि पत्नीची ओळख कोरियातली होती, लग्न हवाईत झालं, पुढे भांडणं झाली आणि दोघं काही काळ वेगळी राहिली. न्यायालयाने सांगितलं की लग्नाच्या वेळी एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता का, एवढाच प्रश्न आहे. नंतरची फारकत त्या हेतूबद्दल काही सांगत असेल तेवढ्यापुरतीच बघायची. परदेशी माणसाचं लग्न नागरिकांच्या लग्नापेक्षा जास्त चाकोरीतलं किंवा जास्त यशस्वी असलं पाहिजे, अशी अट सरकारला घालता येत नाही. चार वर्षांनी दाबागियान खटल्यात हेच तत्त्व पुढे गेलं: मुळात खरं असलेलं लग्न पुढे मोडलं, म्हणून ते खोटं होत नाही.

दुसरी लढाई न्यू यॉर्कमध्ये झाली. तिथल्या जोडप्यांनी सरकारवर सामूहिक दावा लावला आणि त्यात नोव्हेंबर १९७६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. 'स्टोक्स' हे नाव त्या दाव्यातलं. वेगळं बसवून विचारण्याची पद्धत राहिली, पण तिला कुंपण आलं. वकील बरोबर ठेवता येईल. मुलाखत ध्वनिमुद्रित होईल. उत्तरांत विसंगती दिसली तर ती जोडप्यापुढे ठेवून खुलाशाची संधी द्यावी लागेल. आज हे नाव ऐकून लोकांना घाम फुटतो. खरं तर ते आरोप झालेल्यांनी मिळवलेल्या हक्कांचं नाव आहे. हुकूमनामा न्यू यॉर्कपुरता होता, तरी संशयाला खुलाशाची संधी जोडलेली असली पाहिजे हा धडा त्यातून सगळ्यांना मिळाला.

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये भारतीय लग्नं संशयाखाली होती. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर वाग्दत्त वराशी लग्न करायला आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी झाली. ती आधीच विवाहित असावी, असा अधिकाऱ्यांना संशय होता. 'गार्डियन'ने १ फेब्रुवारीला ही बातमी छापली आणि संताप उसळला. अशा तपासण्या भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही झाल्या होत्या, हे पुढे सरकारी दप्तरांतून निघालं. १८७५ च्या हाँगकाँगमध्ये स्त्रीचं चारित्र्य तपासत होते, शंभर वर्षांनी तिचं शरीर तपासलं गेलं. या प्रकरणानंतरही ब्रिटनने 'मुख्य हेतू' नावाचा नियम चालवला. ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. भारतीय उपखंडातल्या ठरवून केलेल्या लग्नांवर त्याचा सर्वाधिक मारा झाला. नसलेला हेतू सिद्ध करायचा कसा? हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं दोन देशांत वाटली गेली आणि जून १९९७ मध्ये तो नियम अखेर रद्द झाला.

तीस टक्क्यांचा कायदा

अमेरिकेत १० नोव्हेंबर १९८६ रोजी लग्नातल्या फसवणुकीविरुद्धचा स्वतंत्र कायदा झाला. त्याआधी सिनेटच्या समितीपुढे इमिग्रेशन खात्याचे प्रमुख अ‍ॅलन नेल्सन यांनी सांगितलं होतं की जोडीदाराच्या आधारे केलेल्या अर्जांपैकी सुमारे तीस टक्के संशयास्पद असतात. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता, तिच्यात अधिकाऱ्यांच्या मनातला संशय मोजला होता, सिद्ध झालेली फसवणूक नव्हे. पुढे न्यायालयीन लढाईत ती पाहणी संख्याशास्त्राच्या दृष्टीने टिकली नाही. पण कायदा होऊन गेला होता, आणि आजचा प्रत्येक अर्जदार त्याच्याखाली जगतो.

लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मिळालेलं ग्रीन कार्ड आता सशर्त असतं. कार्ड मिळाल्यापासूनची दोन वर्षं संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा आणि संसार खरा आहे हे पुन्हा दाखवायचं. यामुळे सही करायची की नाही, ही सत्ता नागरिक जोडीदाराच्या हातात गेली. मारहाण करणारा नवरा सहज म्हणू शकत होता की तोंड उघडलंस तर सही करणार नाही, हे लग्नच खोटं होतं असं कळवीन. भारतातून लग्न होऊन गेलेल्या कित्येक मुलींनी ही धमकी ऐकली. न्यू जर्सीत १९८५ मध्ये सुरू झालेली 'मानवी', न्यू यॉर्कमध्ये १९८९ मध्ये उभी राहिलेली 'सखी' अशा दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था अशा बायकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९९० च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदाराला एकट्याने अर्ज करण्याची सवलत दिली आणि १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने नवऱ्याच्या मदतीशिवाय मूळ अर्जच करण्याची वाट उघडली. मोडलेल्या लग्नाकडे फसवणूक म्हणून बघण्याआधी ते का मोडलं हे विचारायचं, एवढी समज यायला कायद्याला आठ वर्षं लागली.

सर्वांत लांबलेला अन्याय रिचर्ड अ‍ॅडम्स आणि टोनी सलिव्हन यांच्या वाट्याला आला. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे १९७५ मध्ये त्यांनी लग्नाचा परवाना काढला. अमेरिकन अ‍ॅडम्सने ऑस्ट्रेलियन सलिव्हनसाठी अर्ज केला, तेव्हा खात्याने शिवी वापरून लेखी कळवलं की अशा दोन पुरुषांत खरं वैवाहिक नातं असूच शकत नाही. १९८२ मध्ये अपील न्यायालयातही ते हरले. २०१३ मध्ये विंडसर खटल्याने समलिंगी विवाहांना संघीय मान्यता दिली, तेव्हा अ‍ॅडम्सच्या मृत्यूला काही महिने झाले होते. सलिव्हनला २०१६ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. चार दशकांच्या सहवासाला सरकारने आधी खोटं म्हटलं आणि मग खरं. त्या दोघांच्या नात्यात काही बदललं नव्हतं, सरकारची लग्नाची कल्पना बदलली होती.

आज आरोप झाला तर

आजच्या फाइलीत काय लागतं, याची जुनी यादी इमिग्रेशन अपील मंडळाच्या १९८३ च्या लॉरिआनो निर्णयात आहे: एकत्रित कर विवरणपत्र, दोघांच्या नावाचं भाडेपत्र, बँक खातं, विमा, आणि ओळख, लग्न व सहजीवन यांबद्दलच्या साक्षी. मराठी जोडप्यांपाशी यांतल्या काही गोष्टी भरपूर असतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. तीन साक्षीदारांच्या सह्यांचं ज्ञापन आणि त्यावरून मिळालेलं प्रमाणपत्र हा भक्कम कागद आहे. पत्रिका, साखरपुड्याचे आणि हळदीचे फोटो, आहेराची यादी, दोन्हीकडच्या नातलगांची पत्रं हे सगळं उपयोगी पडतं. अडचण वेगळीच असते. आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या जोडप्याच्या नावाने भाडेपत्र नसतं, खातं सासऱ्यांच्या नावाने असतं. पहिली भेट तासाभराची, तीही दहा माणसांत झालेली, आणि महिन्याभरात लग्न. अधिकाऱ्याच्या साच्यात हे बसत नाही. अशा वेळी आपली रीत न लाजता, तपशिलाने आणि खरी सांगावी, थोरांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. उत्तरं पाठ करून जाऊ नये. आठवत नसेल तर आठवत नाही असं म्हणावं. दडपणाखाली कशावरही सही करू नये, आणि संशयाची नोटीस आली की अनुभवी वकील गाठावा.

नोटीस म्हणजे निकाल नव्हे. विरुद्ध जाणारी माहिती अर्जदाराला कळवून उत्तराची संधी देणं खात्याच्या नियमांनीच बंधनकारक आहे. कायमची बंदी घालायची तर पुराव्याचं पारडं नुसतं थोडं झुकून चालत नाही, त्याहून वरचा पुरावा लागतो, असं अपील मंडळाने २०१९ मध्ये पी. सिंग प्रकरणात स्पष्ट केलं. २०१३ मधल्या चिंग खटल्यात एका स्त्रीवर पहिलं लग्न खोटं असल्याचा ठपका होता. मुख्य आधार होता अधिकाऱ्यांनी तिच्या पूर्वीच्या नवऱ्याकडून घेतलेला जबाब. त्याची उलटतपासणी तिला करू दिली नव्हती. नवव्या मंडळाच्या न्यायालयाने ही प्रक्रिया अन्याय्य ठरवली. रागावलेल्या जोडीदाराच्या एका कागदावर दुसऱ्याचं आयुष्य बंद करता येत नाही, हे तत्त्व मला या साऱ्या इतिहासातलं अत्यंत मोलाचं वाटतं.

अलीकडचं वारं मात्र उलट दिशेचं आहे. जून २०२४ मध्ये मुनोझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुआर्फा खटल्यात एकमताने निकाल आला: एकदा दिलेली अर्जाची मंजुरी खात्याने लग्नातल्या फसवणुकीच्या कारणाने रद्द केली, तर त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होणार नाही. नवा अर्ज करून तो फेटाळला गेला तर न्यायालयात जाता येतं, एवढी फट न्यायालयाने दाखवली. म्हणजे त्याच दारातून पुन्हा पहिल्यापासून चालत यायचं, आणि त्यात वर्षं जातात.

खोटी लग्नं होतात. पैसे घेऊन ती जुळवणारे दलाल असतात आणि लग्नाच्या नावाखाली फसवले गेलेले नागरिकही असतात. त्यांना शोधण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. पण ज्या शेऱ्याने माणूस पत्नीपासून आणि मुलांपासून आयुष्यभर दूर राहू शकतो, तो शेरा मारणाऱ्याने पुरावा उघड मांडला पाहिजे, साक्षीदार समोर आणला पाहिजे आणि न्यायाधीशापुढे उत्तर दिलं पाहिजे. हाँगकाँगमध्ये प्रश्न झेलणाऱ्या बायकांना यांतलं काहीच मिळालं नव्हतं. नंतर जे मिळालं, ते सखाराम पंडितांसारख्या वकिलाने, बार्कसारख्या विद्यार्थ्याने, न्यू यॉर्कच्या जोडप्यांनी, अ‍ॅडम्स आणि सलिव्हन यांनी खोटेपणाचा किंवा परकेपणाचा ठपका निमूटपणे न स्वीकारल्यामुळे. ज्यांचं लग्न खरं आहे त्यांनी आरोपाला घाबरून अर्ज मागे घेऊ नये. लेखी उत्तर द्यावं, नोंद मागावी, अपील करावं. आजवर या कायद्यात माणुसकीचं जे कलम आलं, ते अशाच कुणाच्या तरी लढ्यातून आलं आहे.